शब्दवेध : तबकडी

निरांजनाचे तबक आणि लावणीची तबकडी हे एकाच घरचे शब्द. मूळ अरबी ‘तबक़’, म्हणजे थाळी. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि मराठीने त्याला धाकुटेपणाचा ‘डी’ जोडला. ‘ध्वनिमुद्रिका’ हा शब्द आकाशवाणीवर शोभला, लोकांच्या तोंडी मात्र तबकडीच राहिली. पुढे आकाशात उडणारी बशीसुद्धा ‘उडती तबकडी’ झाली!

गंमत अशी की अरबीत याच धातूपासून ‘थर’ या अर्थाचा शब्दही निघतो, आणि घरच्या संगणकावर भरायची सीडी म्हणजे थरांचाच खेळ: प्लास्टिक, त्यावर रंगद्रव्य, मग चकाकता धातू, वर लाखेसारखा लेप. लेझरच्या उष्णतेने रंगद्रव्यावर ठिपके उमटतात, म्हणून इंग्रजीत ‘बर्न’. आपण मात्र सीडी जाळली नाही, ‘मारली’. हे क्रियापद मला जास्त आवडते. 12 सेंटिमीटरच्या चकतीत 80 मिनिटांचे गाणे मावे. एमपीथ्री केले की दीडशेच्या आसपास गाणी.

पुण्याहून मंचरवरून पुढे गेले की नारायणगाव, तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचे गाव, तमाशाची पंढरी. या पट्ट्यातल्या घरांत वगनाट्यांच्या, जत्रांच्या घरी मारलेल्या सीड्या अजून असतील. उन्हाने आणि दमटपणाने ते रंगद्रव्य बिघडते, मग आवाज परत मिळत नाही. तेव्हा कपाट उघडा आणि त्या तबकड्या आजच हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.