नेपल्स ते पालेर्मो : एका शास्त्रज्ञाचे शेवटचे ज्ञात दोन दिवस

विज्ञानाच्या इतिहासात शास्त्रज्ञांनी लावलेल्या शोधांच्या गोष्टी पुष्कळ आहेत. खुद्द शास्त्रज्ञाचाच शोध घ्यावा लागल्याची उदाहरणे मात्र थोडी. एत्तोरे मायोराना हे त्यांपैकी एक. मार्च १९३८ मध्ये हा ३१ वर्षांचा इटालियन पदार्थवैज्ञानिक नाहीसा झाला. त्याचे पुढे काय झाले याविषयी आजही एकमत नाही. हे कोडे सोडवण्याचा दावा आपण करणार नाही. खात्रीची वाट कुठे संपते आणि तर्काची कुठे सुरू होते, एवढेच पाहू.

मायोरानाचा जन्म १९०६ साली सिसिली बेटावरील कातानिया इथे झाला. अभियांत्रिकीचे शिक्षण सोडून तो पदार्थविज्ञानाकडे वळला आणि रोममध्ये एन्रिको फर्मीच्या गटात सामील झाला. त्याची विचार करण्याची पद्धत एका प्रसंगातून कळते. बेरिलियममधून निघणारे एक प्रारण मेणावर पडले की मेणातून प्रोटॉन वेगाने बाहेर फेकले जातात, असे १९३२ च्या सुरुवातीस इरेन व फ्रेदेरिक जोलिओ-क्युरी यांना आढळले. हे प्रारण म्हणजे गॅमा किरण, असे त्यांना वाटले. जड प्रोटॉनला एवढा धक्का द्यायचा तर आदळणारा कणही तेवढाच जड, पण विद्युतभार नसलेला असला पाहिजे, असे मायोरानाने ताडले. सहकाऱ्यांनी आपल्या आठवणींत हे नोंदवले आहे. त्याने मात्र ते प्रसिद्ध केले नाही. त्याच वर्षी चॅडविकने न्यूट्रॉनचा शोध जाहीर केला.

१९३७ च्या अखेरीस मायोरानाची नेपल्स विद्यापीठात प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. जानेवारी १९३८ पासून तो शिकवू लागला. आता मार्चच्या दोन तारखा नीट पाहू.

२५ मार्च, शुक्रवार. मायोरानाने विभागप्रमुख कारेल्ली यांना पत्र लिहिले. आपला निर्णय आता टळणारा नाही, आपल्या अचानक नाहीसे होण्याने तुम्हाला व विद्यार्थ्यांना त्रास होईल याची जाणीव आहे, असा त्याचा आशय होता. सर्वांची आठवण आज रात्री अकरापर्यंत तरी राहील आणि शक्य झाल्यास त्यानंतरही, असेही त्यात होते. घरच्यांसाठी हॉटेलात ठेवलेल्या चिठ्ठीत काळे कपडे घालू नका, रूढी पाळायचीच तर तीन दिवसांहून अधिक दुखवटा नको, अशी विनंती होती. त्या रात्री तो पालेर्मोच्या टपालबोटीने निघाला.

२६ मार्च, शनिवार. पालेर्मोहून कारेल्लींना तार आली : आधीचे पत्र मनावर घेऊ नका. पाठोपाठ दुसरे पत्र आले. समुद्राने मला नाकारले, उद्या नेपल्सला परततो, पण शिकवणे सोडणार आहे, असे त्यात लिहिले होते.

त्याच्या स्वतःच्या शब्दांचा पुरावा इथे संपतो. यानंतर सुरू होतात इतरांच्या साक्षी. परतीच्या बोटीत आपल्या खोलीत मायोराना होता, असे पालेर्मोचे एक प्राध्यापक, स्त्रात्सेरी, यांनी सांगितले. पण ते त्याला पूर्वी ओळखत नव्हते. मग तो माणूस मायोरानाच होता हे कशावरून? नंतर नेपल्समध्ये त्याला पाहिल्याचेही एका परिचारिकेने सांगितले. म्हणजे २६ मार्चनंतरचे प्रत्येक पाऊल हे ‘कोणीतरी पाहिलेले’ पाऊल आहे.

पुढचे तर्क अनेक आहेत. त्याने आयुष्य संपवले असे मानले, तर पहिले पत्र समजते. पण त्याने पासपोर्ट बरोबर नेला आणि त्याआधी साचलेला पगार काढून घेतला, याचे कारण कळत नाही. तो मठात राहिला किंवा परदेशी गेला असे मानले, तर पैशांचा उलगडा होतो. पण दुखवट्याविषयीची ती चिठ्ठी अडते. १९७५ साली लेओनार्दो शाशा या लेखकाने मठाची शक्यता पुस्तकातून मांडली. २०१५ मध्ये रोमच्या सरकारी वकिलांनी, मायोराना १९५५ ते १९५९ या काळात व्हेनेझुएलात जिवंत होता, असे सांगून चौकशी बंद केली. त्यामागे मुख्य आधार एका जुन्या छायाचित्राचा होता. अनेक अभ्यासकांना तो पुरेसा वाटला नाही. छायाचित्रातले साम्य हीसुद्धा एक साक्षच आहे, आणि तिची किंमत स्त्रात्सेरींच्या साक्षीसारखीच तपासावी लागते.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर फळ्यावर तीन रकाने आखावेत : त्याने स्वतः लिहिलेले, इतरांनी पाहिलेले आणि नंतरच्यांनी कल्पिलेले. वरची प्रत्येक गोष्ट विद्यार्थ्यांनी योग्य रकान्यात टाकावी. वाद होतील, आणि ते व्हायला हवेत. हा केवळ बुद्धीचा खेळ नाही. मायोरानाच्या आईने मृत्युपत्रात त्याचा वाटा तो परतेल तेव्हासाठी राखून ठेवला होता. आपला आवडता तर्क ‘घडले असे’ म्हणून सांगताना ज्यांचे माणूस हरवले त्यांच्या वतीने आपण निकाल देत असतो, याचे भान हवे.

न्यूट्रॉन कोणाला दिसला नव्हता. उडालेल्या प्रोटॉनांवरून तो ओळखता आला, कारण तो प्रयोग कोणालाही पुन्हा करून पाहता येत होता. १९३७ साली मायोरानाने असा कण सुचवला की जो स्वतःच स्वतःचा प्रतिकण असेल. न्यूट्रिनो तसा आहे का, याचे प्रयोग आजही चालू आहेत आणि एखाद्या दिवशी उत्तर मिळू शकेल. २६ मार्च १९३८ ची रात्र मात्र पुन्हा घडवता येत नाही. तिच्यासाठी कागदांची वाट पाहावी लागते, आणि ते सापडेपर्यंत तिसरा रकाना पहिल्यात मिसळू न देणे आपल्या हाती आहे.