डब्यावरचे आकडे, मीटरवरचे किलोमीटर

१९२५ साली फोर्ड कंपनीने आपल्या मॉडेल टी गाडीच्या मागे पोलादी हौदा बसवला आणि ती तयार पिकअप म्हणून विकायला काढली. किंमत होती २८१ डॉलर. तोवर अमेरिकेतले शेतकरी साधी मोटार घ्यायचे, तिचा मागचा भाग कापायचे आणि लाकडी पेटी बसवून घ्यायचे. आता तो उद्योग कारखान्यातच होऊ लागला. मात्र हौद्यात दूध असो, धान्य असो की डुकरांचे खाद्य, इंजिन तेच राहिले आणि त्या इंजिनाला ऑइल पोहोचवण्याची रीतही तीच राहिली.

ती रीत आज वाचताना अंगावर काटा येतो. मॉडेल टीला ऑइल पंप नव्हता, फिल्टर नव्हता, पातळी पाहायची पट्टीही नव्हती. फ्लायव्हीलवर बसवलेले लोहचुंबक चेंबरमधल्या ऑइलमधून फिरायचे आणि ते उडवायचे. उडालेल्यातले थोडे एका नरसाळ्यात पडून बारीक नळीतून उताराने इंजिनाच्या पुढच्या टोकाला जायचे. पातळी बघायची तर चालकाने गाडीखाली आडवे व्हायचे आणि वर-खाली बसवलेल्या दोन तोट्या पक्कडीने उघडायच्या. वरच्या तोटीतून ऑइल आले तर भरपूर आहे. खालच्या तोटीतूनही आले नाही तर गाडी जागची हलवायची नाही. फोर्डची पुस्तिका सांगायची की नवी गाडी ४०० मैल चालली की ऑइल काढून टाका आणि पुढे दर ७५० मैलांनी बदला. म्हणजे साधारण बाराशे किलोमीटर.

हा ७५० चा आकडा कुणाच्या लहरीतून आलेला नव्हता. रस्ते कच्चे होते आणि हवेचा फिल्टर नसल्याने धूळ सरळ सिलिंडरमध्ये जायची. लोखंडाचा चुरा गाळायला काही नव्हते, तो ऑइलबरोबर फिरतच राहायचा. तिसरे कारण सगळ्यांत वाईट होते. थंड इंजिनात चोक ओढला की न जळलेले पेट्रोल पिस्टनच्या रिंगांशेजारून खाली उतरायचे आणि चेंबरमधले ऑइल दिवसेंदिवस पातळ करत जायचे. पट्टी असती तर पातळी टिकलेली दिसली असती, पण त्यातले किती ऑइल आणि किती पेट्रोल हे कुणाला कळले नसते. ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवावी. शंभर वर्षांनी ती दुसऱ्या वाटेने परत आली आहे.

धुळीवर आणि चुऱ्यावर इलाज लवकर सापडला. अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्श यांनी १९२३ मध्ये प्युरोलेटर या ऑइल फिल्टरचे पेटंट घेतले आणि १९२४ च्या क्रायस्लर गाडीवर तो बसला. हाताने फिरवून काढायचा आणि नवा घट्ट करायचा आजचा डबा-फिल्टर १९५४ चा, विक्स कंपनीचा. फिल्टर आला, हवा गाळली जाऊ लागली, आणि बदलण्याचे अंतर वाढत गेले.

दाटपणाचा प्रश्न वेगळा होता. अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांची संस्था, एसएई, १९०५ मध्ये स्थापन झाली आणि १९११ मध्ये तिने इंजिन ऑइलच्या दाटपणाचा पहिला नियम लिहिला. त्याआधी प्रत्येक तेलवाला आपल्या डब्यावर हलके, मध्यम, जड असे काहीही लिहायचा आणि एकाचे मध्यम दुसऱ्याच्या जडाइतके असायचे. मोजमाप साधे होते. ठरावीक तापमानाचे तेल ठरावीक भोकातून गळायला किती सेकंद घेते ते पाहायचे. ३०, ४०, ५० हे आकडे त्या मोजणीच्या पायऱ्या आहेत. आज मोजणी वेगळ्या एककात होते, पण पायऱ्या त्याच आहेत. १०० अंश सेल्सियसला ज्याचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान आहे ते ४० नंबरचे ऑइल.

गरम इंजिनाचा आकडा मिळाला तरी थंडीचा प्रश्न उरलाच. मिनेसोटा किंवा डकोटाच्या हिवाळ्यात ४० नंबरचे ऑइल इतके घट्ट व्हायचे की हँडल फिरायचे नाही. लोक रात्री ऑइल काढून घरात नेत आणि सकाळी गरम करून पुन्हा ओतत. म्हणून हिवाळ्यासाठी वेगळ्या पायऱ्या आल्या. आकड्यापुढचे डब्ल्यू हे अक्षर त्या हिवाळ्याचे आहे. पण दोन ऋतूंना दोन ऑइल ठेवणे शेतकऱ्याला परवडत नव्हते. मग रसायनशास्त्रज्ञांनी ऑइलमध्ये लांब साखळीचे रेणू मिसळले. थंडीत ते आकसलेले राहतात, उष्णतेत पसरतात आणि पातळ होऊ पाहणाऱ्या ऑइलला दाट राखतात. १९५० च्या दशकात असे बारमाही ऑइल दुकानांत आले. १५डब्ल्यू-४० चा अर्थ एवढाच की थंडीत ते १५डब्ल्यूच्या परीक्षेला उतरते आणि तापल्यावर ४० च्या. या सोयीची किंमत मात्र आहे. गिअरच्या दातांत आणि बेअरिंगच्या फटीत सापडून त्या लांब साखळ्या तुटतात. मग भरताना ४० असलेले ऑइल काही हजार किलोमीटरनंतर ३० च्या जवळ उतरू शकते. ऑइल जळले नाही, गळले नाही, तरी ते म्हातारे होते, त्याचे हे एक कारण.

थंडीच्या परीक्षेला खरा धक्का बसला तो १९८०-८१ च्या हिवाळ्यात, साउथ डकोटातल्या सू फॉल्स शहरात. नियमांत बसणारे ऑइल भरलेल्या गाड्या सकाळी सुरू झाल्या आणि थोड्याच वेळात त्यांची इंजिने निकामी झाली. प्रयोगशाळेत ऑइल भरभर थंड केले जायचे. सू फॉल्सला ते रात्रभर हळूहळू गार झाले. सावकाश थंड होताना त्यातल्या मेणाचे बारीक स्फटिक एकमेकांत गुंतले आणि चेंबरमधले ऑइल तूप थिजावे तसे थिजले. स्टार्टरने इंजिन फिरवले, पण पंपाला ऑइल ओढता आले नाही. यानंतर नमुना जवळपास दोन दिवस सावकाश थंड करून मग पंपाला तो ओढवतो का, हे पाहणारी चाचणी आली. मला हा प्रसंग या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो, कारण डब्यावरच्या प्रत्येक आकड्यामागे अशी कुणाची तरी बंद पडलेली गाडी आहे.

डिझेलची गोष्ट निराळी. १९३० च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांमध्ये रिंगा खाचेत चिकटून बसू लागल्या. डिझेलची काजळी आणि उष्णता यांनी साध्या ऑइलचे लाखेसारखे थर जमायचे, रिंग हलायची नाही, कॉम्प्रेशन जायचे. कॅलिफोर्नियातल्या स्टँडर्ड ऑइलने ऑइलमध्ये धातूचा साबण मिसळला. त्याने काजळी कुठे चिकटू दिली नाही, ऑइलमध्येच तरंगत ठेवली. आजचे प्रत्येक डिझेल ऑइल त्या प्रयोगाचे वंशज आहे. म्हणूनच डिझेल पिकअपचे नवे ऑइल थोड्याच दिवसांत काळे होते. गेज काढून, बोटावर घासून ‘काळं पडलं, बदला’ म्हणणारा मिस्त्री प्रामाणिक असतो, पण ही परीक्षा डिझेलला लागू पडत नाही. काळे ऑइल म्हणजे काजळी इंजिनाला न चिकटता ऑइलमध्ये राहिली आहे.

साबणापाठोपाठ इतर भर आली. कॅलिफोर्नियाच्याच युनियन ऑइलमधल्या हर्बर्ट फ्रॉयलर यांनी १९४० च्या दशकात जस्त आणि फॉस्फरस असलेले झेडडीडीपी हे संयुग शोधले. हेतू होता ऑइलचे आंबणे रोखून बेअरिंग वाचवण्याचा. हेच संयुग धातूवर झीज रोखणारा पातळ थर चढवते, हे नंतर ध्यानात आले. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने, म्हणजे एपीआयने, अशा गुणांची प्रतवारी केली. पेट्रोल इंजिनासाठी एसपासून सुरू होणारी आणि डिझेलसाठी सीपासून सुरू होणारी अक्षरे तिथली आहेत. सीएच-४ १९९८ चे, सीआय-४ २००२ चे, सीजे-४ २००६ चे, सीके-४ २०१६ च्या डिसेंबरातले.

सीजे-४ पासून दिशा बदलली. अमेरिकेत २००७ पासून डिझेल गाड्यांच्या धुरांड्यात काजळी अडवणारे डीपीएफ फिल्टर आले. काजळी त्या फिल्टरमध्ये जाळून टाकता येते. पण ऑइलमधल्या साबणाचे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जळून राख होते, ती राख जळत नाही आणि फिल्टर कायमचा भरत जातो. म्हणून राखेवर मर्यादा आली. ऑइलमध्ये या धातूंचा क्षार मुळात होता कशासाठी? डिझेलमधल्या गंधकाचे आम्ल मारण्यासाठी. डिझेलमधले गंधक कमी केल्याशिवाय ऑइलमधला क्षार कमी करता आला नसता. दोन्ही बदल एकमेकांवर टेकलेले आहेत.

सगळ्यांना हे निमूट पटले नाही. सीके-४ आले तेव्हा पिकअपवाल्या फोर्डनेच हरकत घेतली. काही नव्या ऑइलमध्ये फॉस्फरस कमी होता आणि फोर्डच्या चाचण्यांत व्हॉल्व्हकडच्या भागांची झीज वाढलेली दिसली. फोर्डने आपल्या डिझेल पिकअपसाठी स्वतःचे मानक काढले आणि त्यात किमान १००० पीपीएम फॉस्फरसची अट घातली. नवे अक्षर म्हणजे प्रत्येक इंजिनाला चांगले, असे नसते, याचा हा ताजा दाखला.

आता अंतराकडे येऊ. अमेरिकेत काही दशके ‘तीन महिने किंवा तीन हजार मैल’ हा घोष घरोघरी होता. १९७० नंतर पसरलेल्या झटपट ऑइल बदलून देणाऱ्या दुकानांनी तो जाहिरातींतून पक्का केला. तीन हजार मैल म्हणजे ४८०० किलोमीटर. आपल्या गॅरेजमध्ये ऐकू येणारे पाच हजार त्याच्या अगदी शेजारी बसते. ऑइल आणि इंजिने सुधारली तरी आकडा हलला नाही, तेव्हा खुद्द कॅलिफोर्निया राज्याच्या पुनर्वापर खात्याने मोहीम काढून लोकांना सांगितले की तीन हजार मैल ही दंतकथा आहे, आपल्या गाडीची पुस्तिका पाहा.

या प्रश्नाचे सर्वांत समंजस उत्तर मला जनरल मोटर्समधल्या रसायनशास्त्रज्ञ शर्ली श्वार्ट्झ यांचे वाटते. त्यांनी आणि डोनाल्ड स्मोलेन्स्की यांनी १९८० च्या दशकात ऑइल कसे मरते याचा अभ्यास केला. त्यांना दिसले की अंतर हे कारणच नाही. इंजिनाचे फेरे आणि ऑइलचे तापमान यांवर सगळे ठरते. ओझे ओढताना ऑइल उष्णतेने जळते. छोट्या थंड फेऱ्यांत ते पाणी आणि इंधन साठून बिघडते. लांबच्या निवांत रस्त्यावर ते सर्वांत जास्त टिकते. त्यांनी हे गणित गाडीच्या संगणकात बसवले आणि डॅशबोर्डवर ऑइलचे उरलेले आयुष्य टक्क्यांत दिसू लागले.

आपल्याकडच्या बहुतेक मालवाहू पिकअपमध्ये हे गणित चालकालाच करावे लागते. नारायणगावचा टोमॅटो किंवा लासलगावचा कांदा भरलेली पिकअप बाजार समितीच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभी असते, तेव्हा किलोमीटरचा आकडा हलत नाही आणि ऑइल मात्र झिजत असते. दहा हजार किलोमीटर ताशी ५० च्या सरासरीने गेले तर इंजिन २०० तास चालले. घाट, गर्दी आणि रांगा धरून सरासरी २० वर आली तर तेच अंतर ५०० तासांचे झाले. शेजारच्या शेतातल्या ट्रॅक्टरचे ऑइल तासांवर बदलतात, पिकअपचे किलोमीटरवर, आणि दोघांचे काम मात्र अनेकदा सारखेच असते.

थंडीचा आकडा महाराष्ट्रात फारसा अडत नाही. १५डब्ल्यूची स्टार्टर-परीक्षा उणे २० अंशांना होते. निफाडची कडक थंडीही त्याच्या जवळपास जात नाही. आपल्या उन्हाळ्याला, ओझ्याला आणि घाटाला महत्त्व आहे ते दुसऱ्या आकड्याचे, आणि तो इंजिन बनवणाऱ्याने ठरवलेला असतो. ‘दाट घातलं की इंजिन शांत चालतं’ म्हणून तो वाढवू नये. नव्या इंजिनांच्या बेअरिंगमधल्या फटी ठरावीक दाटपणा धरून आखलेल्या असतात.

अक्षरांचे मात्र आपल्याकडे फार महत्त्व झाले आहे. धुरातल्या प्रदूषणाचे नियम म्हणून देशभर बीएस-४ आले एप्रिल २०१७ मध्ये आणि बीएस-६ एप्रिल २०२० मध्ये. डिझेलमधले गंधक ३५० वरून ५० आणि मग १० पीपीएमवर आले आणि त्याबरोबर डीपीएफ आला. जुन्या पिकअपला चालणारे जास्त राखेचे ऑइल स्वस्त मिळते म्हणून नव्या गाडीत ओतले, तर इंजिन काही बोलणार नाही, पण फिल्टर भरत जाईल आणि त्याची किंमत कित्येक सर्व्हिसिंगांच्या खर्चाहून जास्त असते. आणि १९२५ ची ती तिसरी गोष्ट इथेच परत येते. फिल्टरमधली काजळी जाळायला अनेक इंजिने उशिराने थोडे जादा डिझेल सिलिंडरमध्ये सोडतात. छोट्या फेऱ्यांत ते जळणे अर्धवट राहिले की काही डिझेल रिंगांशेजारून खाली उतरते. गेजवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. ते ऑइल पातळ झाले आहे, किलोमीटर कितीही झाले असोत, ते बदलावे.

माझे मत स्पष्ट आहे. आपली ओझ्याची पिकअप पुस्तिकेतल्या सर्वसाधारण वापराच्या रकान्यात बसत नाही. धूळ, ओझे, रांगेतले उभे राहणे आणि छोट्या फेऱ्या यांसाठी पुस्तिकेत खडतर वापराचा वेगळा रकाना असतो आणि त्यातले अंतर कमी असते. हमरस्त्यावर रोज लांब पल्ला मारणाऱ्याने पाच हजारांच्या भीतीने चांगले ऑइल फेकू नये आणि बाजाराच्या रांगेत उभे राहणाऱ्याने कंपनीच्या मोठ्या आकड्यावर विसंबू नये. डब्यावरची अक्षरे पुस्तिकेतल्या अक्षरांशी जुळवून घ्या, ऑइल बदलल्याचा दिवस आणि किलोमीटर वहीत लिहा, आणि काढलेले ऑइल गटारात किंवा बांधावर न ओतता अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाईल हे पाहा. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते.