तरते विद्यापीठ आणि नांगरलेली शाळा

न्यूयॉर्कच्या समोर, हडसन नदीच्या पश्चिम तीरावर होबोकेन नावाचे बंदर आहे. तेथील धक्क्यावरून १८ सप्टेंबर १९२६ रोजी 'रिंडम' नावाची हॉलंड-अमेरिका कंपनीची आगबोट सुटली. युरोपातील दरिद्री देशांतरितांना अमेरिकेच्या किनाऱ्यावर आणून सोडण्यात जिच्या आयुष्याची पंचवीस वर्षे गेली होती, त्या बोटीवर त्या दिवशी सुमारे पाचशे विद्यार्थी, त्यांचे अध्यापक, ग्रंथांच्या पेट्या आणि अमेरिकेतील सधन आईबापांनी मोजलेली प्रत्येकी अडीच हजार डॉलर वा त्याहून अधिक फी एवढा ऐवज चढला होता. साडेसात महिन्यांत साऱ्या पृथ्वीची प्रदक्षिणा करून, वाटेत चाळीसहून अधिक बंदरांवर मुक्काम करून, आणि दोन मुक्कामांमधील समुद्रावर नियमाने तास भरवून ही मंडळी परतणार होती. या उपक्रमाला त्यांनी 'तरते विद्यापीठ' असे नाव दिले होते.

नाव विद्यापीठाचे, पण विद्यापीठ कोणते, हा प्रश्न मात्र बोट सुटतानाच अवघड झाला होता. या कल्पनेचे जनक प्रा. जेम्स लॉ हे न्यूयॉर्क विद्यापीठात मानसशास्त्र शिकवीत. विद्यार्थ्याने वस्तू प्रत्यक्ष पाहावी, हाताळावी, अनुभवाने ज्ञान मिळवावे, ही त्या काळच्या अमेरिकन शिक्षणशास्त्राची आवडती शिकवण. तिच्याच आधारे पहिल्या महायुद्धापूर्वी लॉ यांनी विद्यार्थ्यांच्या टोळ्या युरोपात नेल्या होत्या, आणि त्या प्रवासाचे गुण परीक्षेच्या हिशेबात जमा करण्याची मंजुरीही विद्यापीठाकडून मिळविली होती. एका खंडाची सहल जर जमेस धरता येते तर साऱ्या जगाची का धरता येऊ नये, असा त्यांचा सरळ सवाल होता. प्रारंभी विद्यापीठाने या तजविजीला आपले नाव दिले; परंतु प्रस्थानाच्याच वर्षी, १९२६ च्या आरंभी, ते नाव काढून घेतले. मग एका प्रवासी मंडळाने कारभार हाती घेतला, वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचे माजी अध्यक्ष चार्ल्स थ्विंग या सत्तरी ओलांडलेल्या वृद्ध विद्वानांना अध्यक्षस्थानी बसविले, आणि सनद देणाऱ्या संस्थेवाचूनच विद्यालय समुद्राला लागले.

देशाटनाची थोरवी एका जुन्या आर्येमुळे महाराष्ट्रातील शाळकरी पोरालाही पाठ असते. आणि त्याच महाराष्ट्रातील शास्त्रीमंडळींनी समुद्रयान कलिवर्ज्य ठरवून विलायतेहून परतणाऱ्याला प्रायश्चित्त सांगितले, हेही आपणांस ठाऊक आहे. प्रवासाची स्तुती करावी आणि प्रवाशाला पंक्तीत बसवू नये, हा अंतर्विरोध केवळ आपल्याच समाजाचा आहे अशी माझी बरेच दिवस समजूत होती. न्यूयॉर्कच्या विद्वत्परिषदेचे वर्तन वाचले आणि ती समजूत गेली. अनुभव श्रेष्ठ होय, हे तेथील प्राध्यापक व्याख्यानांतून सांगत असत. तो अनुभव दप्तरात नोंदविण्याची वेळ आली तेव्हा त्यांनाही शास्त्रार्थ आठवला.

बोटीवरील जीवनाचे जे वर्णन उपलब्ध आहे ते मोठे मनोरंजक आहे. बैठकीची दालने, भोजनगृहे आणि उघडा डेक यांवर वर्ग भरत. कॅन्सस संस्थानचे माजी गव्हर्नर हेन्री ॲलन हे स्वतः वृत्तपत्राचे मालक; ते वृत्तपत्रविद्या शिकवीत आणि त्यांच्या देखरेखीखाली मुले बोटीवरच 'बिनॅकल' नावाचे पत्र काढीत. बिनॅकल म्हणजे होकायंत्राची पेटी. विद्यार्थ्यांच्या पत्राला याहून समर्पक नाव सुचणे कठीण. पुढे मुलांच्या सचित्र पुस्तकांनी प्रसिद्धीस आलेले चित्रकार हॉलिंग क्लॅन्सी हॉलिंग हेही अध्यापकवर्गात होते. पनामाच्या कालव्यातून बोट पॅसिफिकमध्ये शिरली, होनोलुलूच्या पश्चिमेला वारांची सीमारेषा ओलांडताच पंचांगातील एक अख्खा दिवस गडप झाला, आणि भूगोलाच्या पुस्तकात जी गोष्ट दहादा समजावूनही डोक्यात शिरत नाही ती एका रात्रीत प्रत्येकाच्या रोजनिशीत उतरली. या एका तासाला तरी हजेरीची गरज पडली नसावी.

परंतु बंदरांवरचे शिक्षण इतके निरपवाद नव्हते. जपान, चीन, फिलिपाइन्स, सयाम, जावा, सिलोन, हिंदुस्थान, इजिप्त अशी ही यात्रा; आणि त्या वेळी या देशांपैकी अनेकांच्या माथ्यावर कोणा ना कोणा पाश्चात्य राष्ट्राचे निशाण होते. त्यामुळे हे विद्यार्थी जेथे उतरत तेथे राज्यकर्त्यांच्या पाहुणचारात उतरत, त्यांनी दाखविलेली देवळे, राजवाडे व शाळा पाहत, आणि अंधार पडला की आपल्या बोटीवर, म्हणजे पुन्हा अमेरिकेत, परतत. रोममध्ये त्यांना मुसोलिनीची भेट मिळाली, पोपचेही दर्शन घडले. पाचशे तरुणांनी साऱ्या जगाची फेरी केली हे खरे; पण आपले घर पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या कासवासारखी केली, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. जे परक्या गल्लीत वाट चुकले, ज्यांना भाषा न कळणाऱ्या दुकानदाराशी हातवारे करून व्यवहार करावा लागला, तेच खरे शिकले असतील असे मला वाटते. आणि असे चुकणे वेळापत्रकात कोठेच नव्हते.

अमेरिकेतील वर्तमानपत्रांना या सूक्ष्म विचारात रस नव्हता. जपानात काही विद्यार्थी मद्य पिऊन धुंद झाले, एवढी बातमी त्यांना पुरेशी होती. ज्या देशात तेव्हा मद्यबंदीचा कायदा जारी होता, त्या देशातील पोरे परमुलखात पोहोचताच काय करतील हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्यात बोटीवर थोड्या मुलीही होत्या. मग तर मथळ्यांना तोटा नव्हता. २ मे १९२७ रोजी 'रिंडम' न्यूयॉर्कला परतली तोपर्यंत उपक्रमाची अब्रू निम्मी संपली होती. मुलामुलींना एकत्र न्यावे की नाही यावर चालकांतच बेबनाव झाला. पुढले प्रयत्न लहान प्रमाणावर झाले, आणि १९२९ च्या आर्थिक अरिष्टाने तेही बुडाले.

नेमक्या त्याच १९२७ साली मुंबईच्या बंदरात, माझगावच्या समोर, दुसऱ्या एका जुन्या आगबोटीवर शाळा उघडली. 'डफरिन' ही १९०४ साली बांधलेली, सरकारी नौखात्याची सैन्यवाहू बोट. रत्नागिरीचे खलाशी आणि गोव्याचे बटलर यांच्यावाचून ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटी हलत नसत; परंतु त्याच बोटींच्या अधिकाऱ्यांच्या कट्ट्यावर हिंदी माणूस औषधालाही सापडत नसे. हे वैगुण्य दूर व्हावे म्हणून १९२३ साली नेमलेल्या व्यापारी नौकानयन समितीने शिक्षणनौकेची शिफारस केली आणि तिचे फळ म्हणजे ही 'डफरिन'. देशोदेशींची बंदरे पाहणे हिच्या नशिबी नव्हते. ती नांगर टाकून उभी राही, भरतीओहोटीबरोबर तोंड फिरवी, आणि तिच्यावरील पोरे गाठी मारायला, होडी वल्हवायला, ताऱ्यांवरून स्थान काढायला शिकत. मात्र तेथून बाहेर पडणाऱ्याच्या हाती जो दाखला पडे, त्यावर जहाजाच्या कंपन्या नोकरी देत. पहिल्याच तुकडीतील रामदास कटारी हा विद्यार्थी १९५८ साली भारतीय नौदलाचा पहिला हिंदी सरसेनापती झाला. साऱ्या जगाला वळसा घालणाऱ्या बोटीला सनद मिळेना, आणि जागची न हलणारी बोट सनदा वाटीत होती. या दोन बोटी मनात शेजारी शेजारी उभ्या केल्यावाचून मला या विषयाची गंमत कळली नाही.

तरत्या विद्यापीठाची कल्पना मात्र मेली नाही. १९६३ साली कॅलिफोर्नियातील व्हिटियर गावच्या बिल ह्यूज नामक व्यावसायिकाने 'सप्तसागर विद्यापीठ' काढले. त्याने भाड्याने घेतलेली 'सेव्हन सीज' ही बोट पूर्वी अमेरिकन आरमारात 'लाँग आयलंड' या नावाने विमानवाहू म्हणून लढाईत होती. जेथून विमाने उडत तेथे आता विद्यार्थी खुर्च्या टाकून बसू लागले. ह्यूजनेही आधी बोट मिळविली व मग सनदेचा शोध आरंभिला. दोन वर्षांत चॅपमन कॉलेजने ती जबाबदारी पत्करली, आणि तेव्हापासून या फिरत्या शाळेचा इतिहास म्हणजे आश्रयदात्यांचा इतिहास झाला: चॅपमननंतर कोलोरॅडो विद्यापीठ, १९८१ पासून पिट्सबर्ग, २००६ पासून व्हर्जिनिया, आणि २०१६ पासून कोलोरॅडो स्टेट. बोटी बदलल्या, 'सेमेस्टर ॲट सी' हे नाव रूढ झाले. पण जमिनीवरील एखाद्या दप्तराचा शिक्का असल्याखेरीज समुद्रावर एक तासही जमेस धरला जात नाही, हा लॉ यांना बसलेला धडा पुढे कोणी विसरले नाही. किनाऱ्यावर उतरण्याचे मोलही कधी फार चढे पडले. १९९६ च्या मार्चमध्ये आग्र्याच्या वाटेवर बस उलटून याच उपक्रमातील चार विद्यार्थिनी दगावल्या. आणि २००५ च्या जानेवारीत उत्तर पॅसिफिकमध्ये एका प्रचंड लाटेने बोटीच्या सुकाणूघराच्या काचा फोडून यंत्रे बंद पाडली, तेव्हा मात्र सारे विद्यार्थी होनोलुलूला सुखरूप पोहोचले.

या सर्वांत भव्य स्वप्न पडले ते हाँगकाँगचे जहाजमालक सी. वाय. तुंग यांना. १९७० साली त्यांनी 'क्वीन एलिझाबेथ' ही जगातील सर्वांत मोठी उतारूबोट लिलावात विकत घेतली. सुमारे त्र्याऐंशी हजार टनांची ही राणी महायुद्धात लाखो सैनिकांची ने-आण करून चुकली होती. तिला विद्यापीठ करावे असा तुंग यांचा संकल्प. नाव ठेवले 'सीवाइज', म्हणजे समुद्रविषयात शहाणी. आणि त्यातच मालकाच्या 'सी. वाय.' या आद्याक्षरांची कोटीही साधलेली. दुरुस्तीचे काम संपत आले असता ९ जानेवारी १९७२ रोजी हाँगकाँगच्या बंदरात ती पेटली. अनेक ठिकाणी एकदम आग लागल्याने घातपाताचा संशय आला. आग विझविण्यासाठी बंबांनी इतके पाणी ओतले की त्याच्याच भाराने ती कलंडली, आणि एकाही वर्गाची हजेरी न घेता भंगारात गेली. तुंग यांनी त्यापूर्वीच घेतलेली एक धाकटी बोट 'युनिव्हर्स' या नावाने पुढे वीसहून अधिक वर्षे विद्यार्थ्यांना घेऊन हिंडत राहिली.

त्याच १९७२ साली माझगावसमोरची 'डफरिन' निवृत्त झाली आणि तिची जागा 'राजेंद्र' या बोटीने घेतली. १९९३ मध्ये 'राजेंद्र'चाही काळ सरला, आणि शाळा नव्या मुंबईत नेरूळजवळ जमिनीवर, सिमेंटच्या इमारतींत आली. तिचे नाव 'चाणक्य'. आणि त्या नावाआधी आजही 'टी. एस.', म्हणजे शिक्षणनौका, अशी अक्षरे लिहिण्याची वहिवाट आहे.