से कॅथेड्रल, जुने गोवे

से कॅथेड्रल हे गोव्यातील तिसवाडी तालुक्यात, जुने गोवे येथे असलेले ऐतिहासिक ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आहे. ते अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनला समर्पित आहे. पोर्तुगीज भाषेत 'से' म्हणजे धर्माध्यक्षांचे पीठ. गोवा व दमण महाधर्मप्रांताचे हे मुख्य मंदिर होय.

== इतिहास ==
२५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरीनच्या सणाच्या दिवशी, आफोन्सो द आल्बुकेर्क याने आदिलशाहीकडून गोवा जिंकले. त्या विजयाचे स्मरण म्हणून मंदिर तिच्या नावे उभारले गेले. सध्याच्या वास्तूचे काम १५६२ मध्ये सुरू होऊन १६१९ मध्ये पूर्ण झाले. वेद्यांचे काम मात्र १६५२ पर्यंत चालले.

== वास्तुरचना ==
इमारत जांभा दगडाची असून तिला चुन्याचा गिलावा आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसात झिजतो. त्यामुळे गिलावा ही केवळ शोभा नसून वास्तूचे संरक्षक कवच आहे. बाह्यरूप साध्या टस्कन शैलीचे, तर अंतर्भाग अलंकृत कॉरिंथियन शैलीचा आहे. लांबी सुमारे ७६ मीटर आहे.

दर्शनी भागाच्या दोन्ही बाजूंस पूर्वी मनोरे होते. त्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला व पुन्हा बांधला गेला नाही. दर्शनी भागाची आजची असमतोल आकृती ही त्या पडझडीची खूण आहे, मूळ आराखड्याचा भाग नव्हे. उरलेल्या मनोऱ्यात 'सोनेरी घंटा' आहे. हे नाव तिच्या मधुर नादावरून पडले. गोव्यातील धर्मसमीक्षण न्यायालयाच्या शिक्षासमारंभांच्या वेळीही हीच घंटा वाजवली जात असे.

== कला ==
मुख्य वेदीमागील भव्य सोनेरी काष्ठशिल्पात संत कॅथरीनचे जीवन व हौतात्म्य दर्शविणारे फलक आहेत. मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंस उपप्रार्थनागृहे आहेत. त्यांतील 'चमत्कारिक क्रुसा'च्या प्रार्थनागृहातील क्रूस आकाराने वाढत गेला, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

== संरक्षण व भेट ==
'गोव्यातील चर्चेस आणि मठ' या समूहाचा भाग म्हणून युनेस्कोने १९८६ मध्ये या वास्तूस जागतिक वारसा दर्जा दिला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग तिची देखभाल करतो. येथे आजही नियमित उपासना होते. त्यामुळे पर्यटकांनी शांतता पाळणे व शालीन वेश धारण करणे अपेक्षित असते. साधारणतः दर दहा वर्षांनी होणाऱ्या प्रदर्शनकाळात संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष बॉम जेझस बासिलिकेतून येथे आणले जातात.