‘चाकण’चे बारा बाइट

‘जावा’ या संगणकीय भाषेत फाइल वाचण्यासाठी ‘फाइलइनपुटस्ट्रीम’ हा क्लास १९९६ मधील पहिल्या आवृत्तीपासून आहे. त्याला अक्षरे कळत नाहीत. तो एकेक बाइट उचलतो, ० ते २५५ यांपैकी एक अंक हाती देतो आणि फाइल संपली की उणे १ देतो. पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील एखाद्या कारखान्याच्या मालनोंदीत गावांची नावे रोमन लिपीत असतील, तर एवढ्यावर निभावते. तेथे एक अक्षर म्हणजे एकच बाइट. देवनागरीचे तसे नाही. यूटीएफ-८ पद्धतीत ‘चाकण’मधील च, काना, क आणि ण या चार चिन्हांना प्रत्येकी तीन, असे बारा बाइट लागतात. प्रत्येक बाइटला अक्षर मानणारा प्रोग्रॅम चलानावर गावाऐवजी निरर्थक चिन्हांची रांग छापतो. मूळ फाइल निर्दोष असते. खापर मात्र बहुधा बिचाऱ्या फॉन्टवर फुटते.

उपाय एका ओळीचा आहे. स्ट्रीमवर ‘इनपुटस्ट्रीमरीडर’ बसवून त्याला यूटीएफ-८ हे नाव स्पष्टपणे द्यावे. ते न दिल्यास जुन्या आवृत्त्या संगणकाच्या मूळ संकेतपद्धतीवर विसंबतात. २०२२ मधील अठराव्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ गृहीत धरले जाते. वाचून झालेली फाइल बंद करणेही आवश्यक असते. २०११ मधील सातव्या आवृत्तीपासून ‘ट्राय’च्या कंसात उघडलेली स्ट्रीम आपोआप बंद होते.