डॉ. कोटणीसांचे दोन मृत्यू

सोलापुरात चार मित्र चित्रपटांविषयी बोलू लागले की विषय आज ना उद्या 'डॉ. कोटनीस की अमर कहानी'पर्यंत येतोच. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली काढलेल्या आणि स्वतःच नायक म्हणून साकारलेल्या या चित्रपटाचा विषय झालेला माणूस आमच्या गावचा. आम्हां मित्रांत जो वाद रंगतो तो मात्र गावाच्या अभिमानाचा नसून नायकाच्या मृत्यूचा आहे.

द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले, त्यात ते होते. तेथे बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, एका चिनी परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. मुलाच्या 'यिनहुआ' या नावात भारत आणि चीन दोन्ही आहेत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. पाचांपैकी न परतलेले ते एकटेच. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ज्या पुस्तकावर चित्रपट बेतला आहे, त्याच्या नावातच ही गोष्ट आहे.

पडद्यावरचे कोटणीस मात्र प्लेगने मरतात; ज्या रोगावर त्यांनी इलाज शोधला, तोच त्यांना ग्रासतो.

या बदलाचे समर्थन करणारा मित्र अर्थातच अ‍ॅरिस्टॉटलचा आधार घेतो. इतिहास घडले ते सांगतो, काव्य घडू शकेल ते. म्हणून काव्य अधिक तात्त्विक. अपस्माराचा झटका हा निव्वळ योगायोग, तर प्लेगने आलेला मृत्यू त्या आयुष्याचा तर्कशुद्ध शेवट ठरतो. युक्तिवाद देखणा आहे, पण आम्हांला तो पटत नाही.

कोटणीस गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९४३ साली, सार्त्रचा 'बीइंग अँड नथिंगनेस' प्रसिद्ध झाला. त्यात फाशीच्या शिक्षेचा एक कैदी येतो. वधस्तंभावर धीराने जाता यावे म्हणून तो मनाची तयारी करतो आणि मध्येच इन्फ्लुएन्झाच्या साथीत दगावतो. सार्त्रचे म्हणणे असे की मृत्यू आयुष्याला अर्थ देत नाही. तो बाहेरून येतो, अवेळी येतो. कोटणीसांचा खरा मृत्यू नेमका या जातीचा. त्याला हौतात्म्याचा आकार नाही. तो आकार वास्तवात लाभला होता नॉर्मन बेथ्यून यांना: शस्त्रक्रिया करताना बोट कापले, जखम चिघळली आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते रक्तदोषाने गेले. शांतारामांच्या नायकाचे मरण त्याच्या पूर्वसूरीच्या मरणाच्या अधिक जवळ जाते, हा विलक्षण योग आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या प्रेक्षकाला हुतात्मा हवा होता, हे समजण्यासारखे आहे. सोलापुराने तर १९३१ च्या जानेवारीत चार हुतात्मे पाहिलेच होते. पण मरणाला अर्थाची जागा दिली की निवडीकडे दुर्लक्ष होते. प्लेग काय, अपस्मार काय, दोन्ही कोटणीसांनी निवडले नव्हते. त्यांनी निवडले होते ते राहणे. वडील वारल्याची बातमी त्यांना चीनमध्येच कळली. घरी परतण्यास त्याहून सबळ कारण कोणते असणार? तरी ते पुढच्या मुक्कामाकडे निघाले.