बल्ब होल्डर

बल्ब होल्डर हे विजेचा दिवा जागेवर धरून ठेवणारे आणि त्याला वीजपुरवठा करणारे साधन आहे. दिव्याच्या बुडाशी असलेली धातूची टोपी आणि होल्डर यांची जात एकच असावी लागते. टोपीवरील इंग्रजी अक्षर जात दर्शवते, तर पुढील आकडा व्यास किंवा पिनांमधील अंतर मिलिमीटरमध्ये सांगतो.

भारतीय घरांत प्रामुख्याने बी-२२ हा दोन पिनांचा होल्डर आढळतो. ब्रिटिश प्रभावाखालील देशांत हीच पद्धत रूढ झाली. बंदुकीला संगीन जशी दाबून व फिरवून अडकवतात, तसाच हा बल्ब बसतो. म्हणून त्याला 'बॅयोनेट' म्हणतात. आतील स्प्रिंग बल्बला सतत बाहेर रेटते, त्यामुळे पिना खाचेत घट्ट राहतात. उष्णतेने या स्प्रिंगा मऊ पडल्या की दिवा लुकलुकू लागतो आणि दोष मात्र बहुधा बल्बला दिला जातो.

आट्यांच्या होल्डरचा उगम थॉमस एडिसन यांच्याकडे जातो. 'ई' हे अक्षर त्यांच्याच नावाचे. ई-२७ टेबललॅम्पमध्ये, तर ई-१४ झुंबरांतील लहान दिव्यांसाठी वापरतात. अमेरिकेत ई-२६ प्रचलित आहे. तो बल्ब ई-२७ मध्ये सहसा बसतो. परंतु केवळ १२० व्होल्टसाठी बनवलेला असल्यास भारतातील २३० व्होल्टवर निकामी होतो. परदेशातून दिवे आणणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

सुरक्षिततेच्या दृष्टीने दोन्ही प्रकारांत महत्त्वाचा फरक आहे. बी-२२ मध्ये दोन्ही संपर्कबिंदू तळाशी असतात आणि बाहेरचे कडे विद्युतमंडलाचा भाग नसते. आट्यांच्या होल्डरमध्ये मात्र आटे हाच एक संपर्क असतो. म्हणून फेजची तार मधल्या बिंदूला आणि न्यूट्रल आट्यांना जोडणे आवश्यक आहे. उलट जोडणी झाल्यास बल्ब नेहमीसारखाच पेटतो, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. बल्ब काढताना आट्यांना बोट लागले तर जीवघेणा धक्का बसू शकतो. बटणही फेजच्याच तारेवर असावे. न्यूट्रलवर असल्यास ते बंद करूनही होल्डरमध्ये वीज राहते. त्यामुळे बल्ब बदलताना मुख्य स्विच बंद करणेच इष्ट.

नळीदिव्यांसाठी जी-१३ (टी-८ व टी-१२) आणि जी-५ (टी-५) हे पिनांचे होल्डर वापरतात. छतातील लहान प्रकाशझोतांना जीयू-१० लागतो. बसवण्याच्या जागेनुसार भिंतीवरील तिरका अँगल होल्डर, सपाट पृष्ठभागावरील बॅटन होल्डर आणि तारेला लोंबणारा पेंडंट होल्डर असे प्रकार बाजारात मिळतात.